नोएल ब्राउन यांची मंत्रिपदाची तीन वर्षे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

माता-बाल आरोग्यसेवेच्या इतिहासावरील गेल्या अंकातील लेखात एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना मोफत औषधोपचार देण्याच्या योजनेपायी आयर्लंडचे आरोग्यमंत्री नोएल ब्राउन यांना १९५१ साली पद सोडावे लागले, असे ते वाक्य होते. त्यावर वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांच्यासाठीच ठेवले आहे.

पहिल्यांदाच निवडून आलेला बत्तीस वर्षांचा डॉक्टर थेट आरोग्यमंत्री कसा झाला? त्याच्यामागे एखाद्या राजकीय घराण्याचे बळ होते काय? (एक वाचक, मिरज)

घराण्याचे बळ तर नव्हतेच, उलट क्षयरोगाने त्यांच्या घराची वाताहत केली होती. ब्राउन यांचा जन्म १९१५ च्या डिसेंबरात वॉटरफर्ड येथे झाला. वडील बालकांवरील अत्याचार रोखणाऱ्या एका संस्थेत निरीक्षक होते, पगार बेताचा होता आणि बदली होईल तिकडे सगळे कुटुंब बिऱ्हाड हलवत असे. वडील क्षयाने गेले. त्यानंतर आईने मुलांना घेऊन इंग्लंड गाठले आणि तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तिनेही डोळे मिटले. भावंडांचा भार उचलणारी थोरली बहीण पुढे त्याच रोगाला बळी पडली. पोरक्या नोएलला इंग्लंडमधील चांगल्या कॅथलिक शाळांत फी न भरता प्रवेश मिळाला. तेथे एका सधन डब्लिनकर कुटुंबातील मुलाशी त्याची मैत्री झाली आणि त्या चान्स कुटुंबाने पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील त्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च उचलला. विद्यार्थिदशेत ब्राउन यांना स्वतःलाच क्षय झाला, तेव्हा त्यांना इंग्लंडमधील एका उत्तम आरोग्यधामात ठेवण्याचा खर्चही याच कुटुंबाने केला. आपण वाचलो ते आपल्या पाठीशी पैसेवाले आश्रयदाते होते म्हणून, आणि आपली माणसे गेली ती तसे कोणी नव्हते म्हणून, ही जाणीव त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाच्या तळाशी आहे.

मंत्रिपदाचा योग मात्र आघाडीच्या गणितातून आला. एमॉन डी व्हॅलेरा यांचा फियाना फॉल हा पक्ष १९३२ पासून सलग सोळा वर्षे सत्तेवर होता. त्याला आव्हान देण्यासाठी शॉन मॅकब्राइड यांनी १९४६ साली क्लान ना पोब्लाख्ता नावाचा नवा पक्ष काढला. विक्लोच्या परिसरातील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात काम करणारे ब्राउन या पक्षात आले ते नोएल हार्टनेट या वकील मित्राच्या आग्रहामुळे. फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत पक्षाला १० जागा मिळाल्या आणि डी व्हॅलेरा यांना दूर ठेवण्यासाठी पाच पक्ष व काही अपक्ष एकत्र आले. फिना गेल पक्षाचे जॉन ए. कॉस्टेलो पंतप्रधान झाले. मॅकब्राइड यांच्या पक्षाच्या वाट्याला दोन खाती आली, त्यांपैकी परराष्ट्र खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले आणि आरोग्य खाते ब्राउन यांना दिले. डॉल, म्हणजे आयर्लंडच्या संसदेचे कनिष्ठ सभागृह, येथे ब्राउन पहिल्यांदा बसले त्याच दिवशी ते मंत्री झाले. पक्षात जुन्या सशस्त्र चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेली मंडळी होती. त्यांना डावलून काल आलेल्या डॉक्टरला मंत्रिपद मिळाल्याचा सल त्यांच्या मनात राहिला आणि तीन वर्षांनी ब्राउन यांना पाठीराख्यांची गरज पडली तेव्हा त्यांतले फारसे कोणी पुढे आले नाही.

आयर्लंडमधील क्षयरोग आटोक्यात आणल्याचे श्रेय ब्राउन यांना दिले जाते. परंतु स्ट्रेप्टोमायसिन हे औषध त्याच सुमारास आले. मग श्रेय औषधाचे की मंत्र्याचे? (एक निवृत्त डॉक्टर, नाशिक)

शंका रास्त आहे, आणि श्रेयाची वाटणी करायची झाल्यास वाटेकरी दोनच नाहीत. तीस लाखांहून कमी लोकसंख्येच्या या देशात १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात दरवर्षी तीन ते चार हजार माणसे क्षयाने मरत होती. घरात क्षयरोगी असणे ही लाजिरवाणी गोष्ट समजली जाई, त्यामुळे आजार लपवला जाई आणि रोगी डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत उशीर झालेला असे. ब्राउन येण्यापूर्वीच आरोग्य विभागाचे मुख्य वैद्यकीय सल्लागार जेम्स डीनी यांनी आरोग्यधामांचा आराखडा तयार केला होता आणि त्यासाठी १९४५ साली कायदाही झाला होता. बीसीजी लस आयर्लंडमध्ये आणून रुजवली ती डोरोथी स्टॉपफर्ड प्राइस या डॉक्टर बाईंनी, डब्लिनच्या सेंट अल्टन्स या बालरुग्णालयातून. मृत्यूंचे प्रमाणही ब्राउन यांच्या आधीच थोडे खाली येऊ लागले होते.

ब्राउन यांचे स्वतःचे म्हणावे असे काम होते ते वेगाचे आणि पैशाचे. घोड्यांच्या शर्यतींवरील ‘आयरिश स्वीपस्टेक’ ही सोडत १९३० पासून इस्पितळांसाठी पैसा उभा करत होती. तिची तिकिटे प्रामुख्याने ब्रिटन आणि अमेरिकेत, तेथील कायद्याला चुकवून, चोरून विकली जात. या पैशांतून साठलेल्या निधीला आधीचे सरकार जपून हात लावत असे. नुसते व्याजच नव्हे तर मुद्दलही खर्चून टाकू आणि त्यातून आता लगेच इस्पितळे उभारू, असा निर्णय ब्राउन यांनी घेतला. नव्या इमारती होईपर्यंत हाती असलेल्या जुन्या इमारतींची डागडुजी करून त्यांत रोगी ठेवण्याची सोय केली गेली. दोन-अडीच वर्षांत सुमारे २००० जादा खाटा तयार झाल्या. त्यामुळे रोगी घरातून बाहेर पडला, घरातल्या इतरांना लागण होणे थांबले, आणि औषध आले तेव्हा ते देण्यासाठी खाट व डॉक्टर दोन्ही जागेवर होते. मृत्यू कमी केले औषधाने, हे म्हणणे खरे आहे. कारण ज्या देशांत ब्राउन नव्हते तेथेही ते कमी झाले. मात्र ज्यांना पाच वर्षे थांबणे परवडणारे नव्हते अशा रोग्यांना खाट मिळाली ती या घाई करणाऱ्या मंत्र्यामुळे. निधी रिकामा केल्याबद्दल पुढे त्यांच्यावर टीका झाली. पण माणसे मरत असताना शिल्लक राखणे ही कोणती काटकसर, असे त्यांनी विचारले असते तर त्याला उत्तर देणे अवघड गेले असते.

मोफत उपचारांना चर्चने विरोध करावा, हे पटत नाही. आमच्याकडे गोरगरिबांसाठी दवाखाने चालवणारी चर्च आम्ही लहानपणापासून पाहतो. हा विरोध नेमका कशाला होता? (एक वाचक, वसई)

आपल्या पत्रातच उत्तराचा अर्धा भाग आहे. आयर्लंडमध्येही बरीचशी मोठी इस्पितळे कॅथलिक जोगिणींचे (नन्सचे) संघ चालवत होते, शाळा धर्मगुरूंच्या हाती होत्या, आणि नेमके म्हणूनच आरोग्यसेवेत सरकारने किती शिरावे हा चर्चच्या दृष्टीने आपल्या अंगणाचा प्रश्न होता.

आधी योजना काय होती ते पाहू. तिचे मूळ फियाना फॉल सरकारने केलेल्या १९४७ च्या आरोग्य कायद्यात आहे. त्यावर बिशपांनी डी व्हॅलेरा यांच्याकडे खासगीत हरकतही घेतली होती, पण तिचा निकाल लागण्यापूर्वी सरकार गेले आणि हा वारसा ब्राउन यांच्याकडे आला. प्रत्येक गरोदर स्त्रीला बाळंतपणापूर्वी, बाळंतपणात आणि नंतर, तसेच सोळा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत वैद्यकीय सेवा द्यायची, आणि त्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट ठेवायची नाही, हा तिचा गाभा होता. सेवा घेण्याची सक्ती कोणावरच नव्हती. अट नको, या मुद्द्यावर ब्राउन अडून राहिले त्याचे कारण जुन्या व्यवस्थेत होते. गरिबांसाठी सरकारी दवाखान्यातील डॉक्टर होता, परंतु त्याला घरी बोलवायचे तर आधी गावातील अधिकार असलेल्या माणसाकडे जाऊन, आपण पैसे देऊ शकत नाही हे त्याला पटवून, लाल तिकीट मिळवावे लागे. ताप आलेल्या मुलाच्या आईने हे तिकीट मागत फिरायचे, ही गोष्ट ब्राउन यांना अपमानास्पद वाटत होती. शिवाय १९४३-४४ च्या सुमारास आयर्लंडमध्ये दर हजार जन्मांमागे सत्तरहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावत होती, तेव्हा प्रश्न मानापुरताही नव्हता.

मेनूथ येथे ऑक्टोबर १९५० मध्ये झालेल्या बैठकीनंतर बिशपांच्या वतीने फर्न्सचे बिशप जेम्स स्टॉन्टन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले. त्यातील युक्तिवाद असा होता की मुलांच्या आरोग्याची तरतूद करणे हा आईबापांचा हक्क आहे. दहा टक्के आईबाप गरीब किंवा निष्काळजी आहेत म्हणून उरलेल्या नव्वद टक्क्यांचा हा हक्क राज्याने काढून घेता कामा नये. दुसरा आक्षेप अधिक नाजूक जागेवर होता. योजनेत मातांना ‘मातृत्वाविषयी शिक्षण’ देण्याची तरतूद होती. हे शिक्षण सरकारी डॉक्टर देणार, त्यात कॅथलिक नसलेले किंवा तशा संस्थांत शिकलेले डॉक्टर असणार, आणि मग स्त्रियांना संततिनियमन व गर्भपात यांच्याविषयी सल्ला दिला जाणार नाही याची हमी कोण देणार, असा प्रश्न बिशपांनी केला. ब्राउन स्वतः ट्रिनिटीत शिकलेले होते. प्रॉटेस्टंट परंपरेच्या त्या महाविद्यालयात जाण्यास कॅथलिक विद्यार्थ्यांना डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड मनाई करत आणि ही बंदी १९७० पर्यंत टिकली. म्हणजे योजनेकडे संशयाने पाहणाऱ्यांना योजनेचा कर्ताही संशयास्पद वाटावा, अशी स्थिती होती. सीमेपलीकडे ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती, पूर्व युरोपात कम्युनिस्ट सरकारे चर्चच्या संस्था ताब्यात घेत होती, आणि राज्याने कुटुंबाच्या व छोट्या संस्थांच्या कामात हात घालू नये, ही पोप अकरावे पायस यांच्या १९३१ च्या परिपत्रकातील शिकवण आयरिश बिशपांनी अगदी शब्दशः घेतली होती. विरोधामागे नुसता स्वार्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. पण लाल तिकिटासाठी ताटकळणाऱ्या आईचा हक्क त्या नव्वद टक्क्यांच्या हिशेबात कुठे बसतो, याचे उत्तर त्या पत्रात सापडत नाही.

बिशपांकडेच बोट दाखवून थांबणे मात्र चुकीचे ठरेल. आयर्लंडच्या वैद्यकीय संघटनेचा विरोध चर्चइतकाच तिखट होता आणि त्याचे कारण सरळ होते. बाळंतपणे आणि मुलांची आजारपणे हा खासगी डॉक्टरांच्या कमाईचा मोठा भाग होता. उत्पन्नाची अट ठेवा, मग आमची हरकत नाही, असे संघटना म्हणत होती. मंत्रिमंडळात टी. एफ. ओहिगिन्स हे स्वतः डॉक्टर होते, पंतप्रधान कॉस्टेलो यांचा कल डॉक्टरांच्या बाजूने होता, आणि ब्राउन सहकाऱ्यांशी बोलण्यापेक्षा वृत्तपत्रांतून जाहिराती देऊन थेट लोकांशी बोलणे पसंत करत. बिशपांनी विरोध केला नसता तरी योजना या मंत्रिमंडळातून जशीच्या तशी पार पडली असती, असे आम्हाला वाटत नाही. बिशपांच्या पत्राने मागे हटू इच्छिणाऱ्यांना मागे हटण्याचे सोज्ज्वळ कारण पुरवले.

बिशपांशी तडजोड करण्याचा प्रयत्न ब्राउन यांनी केलाच नाही काय? (दोन वाचक, सोलापूर आणि बेळगाव)

केला, आणि त्यात घोळ झाला. पत्र लिहिले गेल्यानंतर लगेचच, ११ ऑक्टोबर १९५० रोजी, ब्राउन यांना मॅक्वेड, स्टॉन्टन आणि गॉलवेचे बिशप मायकल ब्राउन यांच्यासमोर बोलावण्यात आले. आपण शंकांचे निरसन केले अशी समजूत घेऊन मंत्री बाहेर पडले, तर त्यांनी एकही मुद्दा सोडला नाही अशी समजूत घेऊन बिशप उठले. बिशपांचे पत्र पंतप्रधानांकडून ब्राउन यांच्या हाती आले ते नोव्हेंबरात. त्यांनी सविस्तर उत्तर तयार करून पंतप्रधानांकडे दिले, परंतु ते उत्तर महिनोन्महिने बिशपांपर्यंत गेलेच नाही. मार्च १९५१ मध्ये ब्राउन यांनी योजना जाहीर केली, तेव्हा आपल्या पत्राला उत्तरही न देता मंत्री पुढे निघाले आहेत, असे मॅक्वेड यांना दिसले. अखेरीस ब्राउन यांनी बिशपांचा निर्णय मान्य करण्याची तयारी दाखवली, ती एका अटीवर. योजना कॅथलिक नीतिशिक्षणाच्या विरुद्ध आहे की नाही एवढेच त्यांनी सांगावे, ही ती अट. एका धर्मशास्त्रज्ञाने ती विरुद्ध नसल्याचा सल्ला ब्राउन यांना खासगीत दिला होता. बिशपांचा ४ एप्रिलचा निकाल आला तो योजना कॅथलिक सामाजिक शिकवणुकीच्या विरुद्ध आहे असा. नीती आणि सामाजिक शिकवण यांतील हा फरक ब्राउन यांना फार महत्त्वाचा वाटला. मंत्रिमंडळातील इतर कोणालाही तो महत्त्वाचा वाटला नाही. ६ एप्रिल रोजी मंत्रिमंडळाने योजना सोडून दिली.

मंत्र्याचा राजीनामा मागण्याचा अधिकार पंतप्रधानांचा. मग तो पक्षाध्यक्षांनी कसा मागितला? आणि सरकारी पत्रव्यवहार छापायला देणे हा गोपनीयतेचा भंग नव्हे काय? (कायद्याची एक विद्यार्थिनी, पुणे)

आयर्लंडच्या १९३७ च्या राज्यघटनेनुसार मंत्र्याला राजीनामा देण्यास सांगण्याचा अधिकार पंतप्रधानांनाच आहे, आणि मंत्र्याने नकार दिल्यास पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्राध्यक्ष त्याला दूर करतात. तरीही आघाडीत कोणत्या पक्षाचा कोण मंत्री, हे त्या त्या पक्षाचा नेता ठरवतो, ही पद्धत भारतातील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १० एप्रिल १९५१ रोजी मॅकब्राइड यांनी पक्षाध्यक्ष या नात्याने ब्राउन यांना पत्र पाठवून राजीनामा मागितला. ब्राउन यांनी तो दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांकडे दिला, म्हणजे घटनेची रीत पाळली गेली. स्वतःच घडवलेल्या मंत्र्याला मॅकब्राइड यांनी असे बाजूला केले. पुढे मानवी हक्कांसाठीच्या कामाबद्दल १९७४ साली त्यांनाच शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, याची नोंद येथे करून ठेवतो.

पत्रव्यवहाराविषयीचा आपला प्रश्न या सगळ्या प्रकरणातील कळीचा आहे. राजीनामा देतानाच ब्राउन यांनी पंतप्रधान, मॅकब्राइड आणि बिशप यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वृत्तपत्रांकडे पाठवला आणि १२ एप्रिलच्या सकाळी तो छापून आला. असा पत्रव्यवहार लोकांपुढे यायला नको होता, अशी नाराजी कॉस्टेलो यांनी डॉलमध्ये व्यक्त केली. कायदेशीर काटेकोरपणे पाहता पंतप्रधानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, कारण समोरच्याने विश्वासाने लिहिलेले पत्र एकतर्फी प्रसिद्ध करणे सभ्यतेला धरून नाही. पण दुसरी बाजू वजनदार आहे. बिशपांचा शब्द सरकारात चालतो हे आयर्लंडमध्ये सर्वांना ऐकून ठाऊक होते. तो कसा चालतो, कोणाच्या सहीने आणि कोणत्या भाषेत, हे लोकांनी त्या दिवशी प्रथमच वाचले. कॉस्टेलो यांनीही डॉलमध्ये लपवाछपवी केली नाही. आपण कॅथलिक आहोत आणि बिशपांनी दिलेला निर्णय निमूटपणे मानतो, असे त्यांनी उघडपणे सांगितले. डब्लिनच्या ‘आयरिश टाइम्स’ने अग्रलेखात निष्कर्ष काढला की देशाचे खरे सरकार चर्चच असल्याचे दिसते. ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमधील प्रॉटेस्टंट नेत्यांना तर संयुक्त आयर्लंडच्या विरोधात आयताच पुरावा मिळाला.

मंत्री म्हणून ब्राउन यांच्या नावावर खाटा आहेत, लसीकरण आहे, एक फसलेली योजना आहे. आमच्या मते त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी म्हणजे ही पत्रे छापून आणणे होय, आणि ती त्यांनी मंत्रिपद सुटत असताना केली. राज्यघटनेतील कॅथलिक चर्चच्या ‘विशेष स्थाना’चे कलम १९७२ च्या सार्वमताने वगळण्यात आले. ते या पत्रांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु त्या चर्चेत १९५१ चा दाखला पुन्हा पुन्हा दिला जात होता.

या प्रकरणामुळे सरकार पडले काय? योजनेचे पुढे काय झाले? (एक वाचक, अमरावती)

सरकार काही आठवड्यांतच गडगडले, पण तात्कालिक कारण दुधाच्या दराचे होते. त्यावरून ग्रामीण भागातील अपक्षांनी पाठिंबा काढला. ३० मे १९५१ च्या निवडणुकीत मॅकब्राइड यांचा पक्ष १० वरून २ जागांवर आला, तर ब्राउन अपक्ष म्हणून डब्लिनमधून निवडून आले. त्यांच्यासारख्या अपक्षांच्या मतांवर डी व्हॅलेरा पुन्हा पंतप्रधान झाले. त्यांचे आरोग्यमंत्री जेम्स रायन यांनी १९५३ साली नवा कायदा आणला. त्यात उत्पन्नाची मर्यादा ठेवली, पण ती इतकी वर ठेवली की बहुसंख्य कुटुंबांतील मातांना बाळंतपणातील सेवा मोफत मिळू लागली. बालकांसाठीची सेवा मात्र पहिल्या सहा आठवड्यांपुरती उरली. याही कायद्याविरुद्ध बिशपांनी जाहीर पत्र तयार केले होते. ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच डी व्हॅलेरा यांनी कार्डिनल डाल्टन यांची भेट घेतली, काही बदल मान्य केले आणि पत्र मागे घेतले गेले. चार भिंतींच्या आत मिटवण्याची हीच कला ब्राउन यांच्याकडे नव्हती.

त्यांनी आयुष्यात पाच-सहा पक्ष बदलले असे वाचले. मग त्यांना तत्त्वनिष्ठ म्हणायचे की आयाराम-गयाराम? (एक शिक्षक, लातूर)

यादी खरोखरच लांबलचक आहे. क्लान ना पोब्लाख्ता सोडल्यावर काही काळ अपक्ष. १९५३ मध्ये फियाना फॉल. १९५४ मध्ये पराभव. १९५७ मध्ये त्या पक्षाने उमेदवारी नाकारल्यावर पुन्हा अपक्ष म्हणून विजय. १९५८ मध्ये जॅक मॅक्विलन यांच्याबरोबर काढलेला दोन खासदारांचा चिमुकला पक्ष. १९६३ मध्ये मजूर पक्ष. १९६५ मध्ये पुन्हा पराभव आणि १९६९ मध्ये पुन्हा विजय. फिना गेलबरोबर आघाडी करण्यास विरोध म्हणून १९७३ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही आणि ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या मतदारसंघातून ते वरिष्ठ सभागृहात गेले. १९७७ मध्ये डॉलमध्ये परतल्यावर समाजवादी मजूर पक्ष नावाच्या नव्या पक्षाचे ते एकमेव खासदार होते. १९८२ च्या आरंभी ते निवृत्त झाले. अधूनमधून खासदारकी गेली की ते मनोविकारतज्ज्ञ म्हणून रुग्ण पाहत.

आयाराम-गयाराम म्हणायचे तर गेल्यावर काही मिळायला हवे. १९५१ नंतर ब्राउन यांना एकही मंत्रिपद मिळाले नाही आणि दोन वेळा खासदारकी गेली. उलट डी व्हॅलेरा यांच्या पक्षातून बाहेर पडल्यावर, डी व्हॅलेरा यांनी पंतप्रधानपदी असताना ‘आयरिश प्रेस’ या वृत्तपत्राचे नियंत्रण हाती ठेवणे आणि जनतेच्या वर्गणीतून निघालेल्या त्या कंपनीचे समभाग कुटुंबाकडे गोळा होणे योग्य आहे काय, असा प्रश्न त्यांनी १९५८ च्या डिसेंबरात डॉलमध्ये उभा केला. त्यांना सांभाळून घेणाऱ्या आयर्लंडच्या मतदानपद्धतीचाही येथे उल्लेख करायला हवा. तेथे एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडले जातात, मतदार उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देतो, आणि विजयी उमेदवाराची गरजेहून जास्तीची व बाद झालेल्या उमेदवाराची मते पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे पक्षाने वाऱ्यावर सोडलेला, पण लोकांच्या मनात जागा असलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीच्या बळावर तरून जातो. आपल्यासारखी एका जागेची निवडणूक तेथे असती तर ब्राउन १९५७ मध्येच संपले असते.

तरीही सगळा दोष पक्षांचा होता असे म्हणवत नाही. ज्या ज्या पक्षात ते गेले तेथील सहकाऱ्यांशी त्यांचे फाटले, आणि दरवेळी समोरचाच माणूस दगाबाज होता, असे होणे कठीण आहे. समान शत्रूविरुद्ध ते उत्तम लढत, पण समविचारी माणसांबरोबर दीर्घकाळ काम करणे त्यांना जमले नाही. १९९० मध्ये मजूर पक्षातील काही डाव्या मंडळींनी राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे केले, तेव्हा नेते डिक स्प्रिंग यांनी मेरी रॉबिन्सन यांची निवड केली. रॉबिन्सन निवडून आल्या. पक्षांतर्गत वैराचा इतिहास पाहता स्प्रिंग यांचा निर्णय राजकीयदृष्ट्या चुकीचा होता असे म्हणता येत नाही.

ब्राउन यांचे आत्मचरित्र विश्वासार्ह आहे काय? वाचण्याजोगे असल्यास सांगावे. (तीन वाचक)

वाचण्याजोगे नक्कीच आहे, विश्वासार्ह मात्र भागाभागाने. १९८६ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आयर्लंडमध्ये प्रचंड खपले. बालपणाची आणि आईच्या अखेरच्या दिवसांची प्रकरणे मन हेलावणारी आहेत आणि त्यांबद्दल फारसा वाद नाही. राजकारणाच्या प्रकरणांत मात्र हिशेब चुकते करण्याची घाई जागोजागी दिसते. गॉलवेच्या बिशपांच्या भेटीचा प्रसंग पाहा: मातांना मोफत उपचार नकोत असे सांगणारे बिशप मंत्र्यापुढे चांदीच्या पेटीतून सिगारेट धरतात, ही लंडनच्या बाँड स्ट्रीटवरून खास बनवून घ्यावी लागते असे सांगतात, आणि पाठोपाठ शॅम्पेन पुढे करतात. प्रसंग इतका चपखल आहे की तो जसाच्या तसा घडला की पस्तीस वर्षांत त्याला धार चढली, अशी शंका येते. त्या भेटीचा बिशपांच्या बाजूचा वृत्तांत असता तर ताडून पाहता आले असते. मॅकब्राइड आणि इतर सहकाऱ्यांची चित्रे त्यांच्या चाहत्यांनी आणि काही इतिहासकारांनी अन्यायकारक ठरवली आहेत, आणि ती तक्रार बऱ्याच अंशी योग्य आहे.

म्हणून आमची सूचना अशी की हे आत्मचरित्र वाचायचे झाल्यास डॉलच्या १२ एप्रिल १९५१ च्या कामकाजाचा वृत्तांत शेजारी ठेवावा. तो आयरिश संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे. ब्राउन यांचे निवेदन आणि कॉस्टेलो यांचे लांबलचक, संतापलेले उत्तर ही दोन्ही भाषणे त्यात सलग वाचता येतात. बिशपांची आणि मंत्र्यांची मूळ पत्रे त्या दिवशीच्या वृत्तपत्रांत आहेत. आर्चबिशप मॅक्वेड यांची खासगी कागदपत्रे मात्र अभ्यासकांना खुली झाली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस. ब्राउन यांचे निधन मे १९९७ मध्ये झाले होते, त्यामुळे ती वाचण्याची संधी त्यांना मिळाली नाही.